हरणाऱ्या मॅनेजरची पाठराखण कशासाठी?

प्रश्न : मी मूळचा कोल्हापूरचा. नोकरीनिमित्त नोएडात, सेक्टर ७६ मध्ये राहतो. मुलगा नववीत आहे आणि मँचेस्टर युनायटेडचा कट्टर समर्थक आहे. २०२४-२५ च्या हंगामात त्याचा संघ प्रीमियर लीगमध्ये पंधरावा आला. पुढच्या हंगामाच्या सुरुवातीलाच चौथ्या श्रेणीतल्या ग्रिम्सबी टाऊनकडून हरला. तरीही तो आणि सोसायटीतली त्याची मित्रमंडळी मॅनेजर रुबेन अमोरिम यांची बाजू घेऊन भांडत होती. जानेवारीत क्लबने अमोरिम यांना काढलं तेव्हा पोरगं दोन दिवस धड जेवलं नाही. आमच्या कंपनीत सलग दोन तिमाहींत आकडे आले नाहीत की माणसाला केबिनमध्ये बोलावणं येतं. मग खेळात, जिथे निकाल साऱ्या जगाला दिसतो, तिथे समर्थक अपयशी माणसाला इतके का धरून राहतात? हा भाबडेपणा म्हणायचा की आणखी काही?

— एक वाचक, नोएडा

उत्तर : भाबडेपणा तर नक्कीच नव्हे. तुमच्या प्रश्नात मुलाला एका चुकीच्या खुर्चीत बसवलं गेलं आहे. केबिनमध्ये बोलावणारा साहेब म्हणजे क्लबचा मालक. तुमचा मुलगा साहेब नाही. त्याच्या हातात ना नेमणूक, ना पगार, ना राजीनामा घेण्याचा अधिकार. त्याचा जीव त्या संघात अडकलेला आहे आणि संघ सोडून जायची त्याला मुभा नाही. अशा माणसाने मॅनेजरकडे पाहण्याची नजर मालकापेक्षा वेगळी असते. मालक विचारतो, याने मला काय मिळवून दिलं? समर्थक विचारतो, या क्लबमध्ये माझ्या बाजूचं कोण आहे?

मँचेस्टरचंच पाहा. ग्लेझर कुटुंबाने २००५ मध्ये हा क्लब विकत घेतला तो मोठं कर्ज काढून, आणि त्या कर्जाचा बोजा क्लबवरच टाकला. २०२४ च्या फेब्रुवारीत जिम रॅटक्लिफ यांनी पाव हिश्शाहून थोडा अधिक वाटा घेतला. त्यानंतर शेकडो कर्मचाऱ्यांना घरी पाठवण्यात आलं, आणि हंगाम चालू असतानाच उरलेल्या तिकिटांचा दर सरसकट ६६ पौंड करण्यात आला. मुलांना आणि वृद्धांना मिळणारी सवलतही गेली. हे सगळं करणारी माणसं दर आठवड्याला पत्रकारांसमोर येऊन उत्तरं देत नाहीत. येतो तो मॅनेजर. हरल्यावर पंधरा-वीस मिनिटांत, घाम वाळायच्या आत, त्याला बोलावं लागतं. अमोरिम हट्टी होते. पोपने सांगितलं तरी आपली खेळण्याची पद्धत बदलणार नाही, अशा अर्थाचं ते बोलले होते. पण ते समोर उभे होते. ज्या घरात बाकी सगळे दार लावून बसलेत तिथे दार उघडणाऱ्या माणसाविषयी आपलेपणा वाटतो, तसंच हे. ४ जानेवारी २०२६ ला लीड्सशी बरोबरी झाल्यावर त्यांनी वरिष्ठांशी असलेला मतभेद जाहीर बोलून दाखवला आणि दुसऱ्या दिवशी त्यांना काढण्यात आलं. संघ त्या वेळी सहाव्या क्रमांकावर होता. तुमचा मुलगा रडला असेल तर तो पंधराव्या क्रमांकासाठी नव्हे, त्या दुसऱ्या दिवसासाठी.

मालकांवरचा राग हे मात्र अर्धंच उत्तर झालं. उरलेल्या अर्ध्यासाठी मँचेस्टरपर्यंत जायची गरज नाही. आपल्या मुंबईतल्या कूपरेज मैदानापर्यंत गेलं तरी पुरे.

मुंबई एफसी नावाचा एक क्लब होता. २००७ मध्ये सुरू झाला, वर्षभरात आय-लीगमध्ये चढला. २००९ मध्ये या क्लबची सूत्रं खालिद जमील यांच्याकडे आली. जमील याच मुंबईत महिंद्र युनायटेडकडून खेळलेले, दुखापतींनी लवकर थांबलेले. क्लबकडे पैसा बेताचा. कूपरेजचं काम चालू असताना घरचे सामने पुण्यात बालेवाडीला जाऊन खेळावे लागले. संघाचा खेळ डोळ्यांना सुखावणारा नव्हता. मागे गर्दी करायची, चेंडू लांब मारायचा, एखाद्या सेट-पीसवर गोल मिळाला तर तो जिवाच्या आकांताने राखायचा. वर्षामागून वर्षं संघ तक्त्याच्या खालच्या अर्ध्यात घुटमळायचा. गुणतक्ता पाहणारा म्हणाला असता, बदला याला. कूपरेजच्या लाकडी बाकांवरचा, शिट्ट्या वाजवणारा, दक्षिण मुंबईच्या त्या चिकट उकाड्यात संध्याकाळ घालवणारा माणूस तसं म्हणत नव्हता. त्याला दिसत होतं की कोलकात्याच्या आणि गोव्याच्या बड्या क्लबांच्या मानाने किरकोळ पैशांत हा प्रशिक्षक दरवर्षी संघाला खाली घसरू देत नाही. सात वर्षं, एकदाही नाही.

२०१६ मध्ये क्लबने जमील यांना निरोप दिला. पुढच्या हंगामात काय झालं ते भारतीय फुटबॉलमध्ये कायमचं लिहिलं गेलं आहे. २०१६-१७ मध्ये मुंबई एफसी आय-लीगच्या तळाला गेली, श्रेणीतून खाली घसरली, आणि पुन्हा कधीच वर आली नाही. त्याच हंगामात जमील मिझोरामच्या ऐझॉल एफसीकडे गेले. हा क्लब आधीच्या वर्षी स्वतःच खाली घसरलेला होता; गोव्याच्या क्लबांनी लीगमधून अंग काढून घेतलं म्हणून त्याला परत जागा मिळाली होती. मुंबईत जमील यांच्या हाताखाली खेळलेले आशुतोष मेहता आणि जयेश राणे त्यांच्याबरोबर तिकडे होते. ३० एप्रिल २०१७ ला शिलाँगमध्ये लाजाँगशी १-१ अशी बरोबरी झाली आणि मोहन बागानला एका गुणाने मागे टाकून ऐझॉल भारताचा विजेता ठरला. ईशान्य भारतातल्या एखाद्या क्लबने राष्ट्रीय लीग जिंकण्याची ती पहिली वेळ.

ज्याला काढलं तो विजेता, ज्यांनी काढलं ते तळाला, तेही एकाच हंगामात! कूपरेजवर बसणाऱ्यांना जे दिसत होतं ते कार्यालयात बसणाऱ्यांना दिसलं नाही, असं मी या गोष्टीवरून म्हणतो, आणि ठामपणे म्हणतो. समर्थकाची निष्ठा आंधळी असते हा समज आधी मनातून काढून टाका. बऱ्याचदा ती क्लबमधली सर्वांत डोळस गोष्ट असते. त्याला हातात आलेल्या खेळाडूंची कुवत माहीत असते, दुखापतींची यादी तोंडपाठ असते, कुठला बचावपटू मालकाने विकला आणि त्याची जागा कुणी घेतली हे तो झोपेतून उठवलं तरी सांगेल.

प्रशिक्षकाला ठेवण्यात फारसा तोटा नसतो, याला अभ्यासकांनीही पुष्टी दिली आहे. यान फान अवर्स आणि त्यांच्या एका सहकाऱ्याने नेदरलँड्सच्या वरच्या लीगमधल्या चौदा हंगामांचे निकाल तपासले आणि २०१६ मध्ये निष्कर्ष मांडले. प्रशिक्षक बदलल्यावर संघाचे निकाल सुधारतात, हे खरं. पण तितक्याच वाईट फेऱ्यातून गेलेले जे संघ प्रशिक्षकाला ठेवतात, तेही साधारण तितकेच सुधारतात. कारण साधं आहे. लागोपाठ पाच-सहा सामने हरण्यात दुर्दैवाचाही वाटा असतो. गोलखांबाला लागून परत आलेले फटके, एखादं लाल कार्ड, हुकलेली पेनल्टी. नशीब फार काळ एकाच बाजूला झुकून राहत नाही. नेमकं त्याच सुमारास नवा माणूस आलेला असेल तर श्रेय त्याच्या पदरात पडतं. तुमच्या कंपनीतल्या दोन तिमाहींनाही हे लागू पडतं का, ते तुम्हीच पाहा.

आता तुम्ही विचाराल, मग समर्थक प्रत्येक हरणाऱ्या प्रशिक्षकाला सांभाळून घेतात का? मुळीच नाही. इथेच खरा रस आहे.

केरळ ब्लास्टर्सचे पिवळ्या शर्टातले समर्थक देशात सर्वांत मोठ्या आवाजाचे. त्यांच्याकडे २०२१ मध्ये सर्बियाचे इव्हान वुकोमानोविच आले. तीन हंगाम राहिले. तिन्ही वेळा संघ बाद फेरीत पोहोचला, पण कपाटात एकही करंडक आला नाही. ३ मार्च २०२३ ला बंगळूरमध्ये सुनील छेत्रीने झटपट घेतलेल्या फ्री-किकवर गोल दिला गेला आणि वुकोमानोविच यांनी आपला संघ मैदानाबाहेर काढला. सामना गेला, स्पर्धा गेली. महासंघाने क्लबला चार कोटींचा दंड केला, त्यांच्यावर दहा सामन्यांची बंदी घातली. शहाण्या हिशेबाने पाहिलं तर हा प्रशिक्षक क्लबला फार महागात पडला होता. कोचीच्या समर्थकांनी त्यांना डोक्यावर घेतलं. ते त्यांना ‘आशान’ म्हणत, म्हणजे गुरुजी. त्यांच्या जागी स्वीडनचे मिकाएल स्टाहरे आले. बारा सामन्यांत तीन विजय, सात पराभव. डिसेंबर २०२४ मध्ये ‘मंजप्पडा’ या समर्थक संघटनेने क्लबच्या कारभाराविरुद्ध आंदोलन पुकारलं, तिकिटं घेणार नाही असं जाहीर केलं, आणि थोड्याच दिवसांत स्टाहरे गेले. समर्थक तेच, शहर तेच. करंडक दोघांनीही आणला नव्हता.

मग फरक कशात? वुकोमानोविच यांनी त्या रात्री जे केलं ते प्रत्येक समर्थकाला घरात टीव्हीसमोर करावंसं वाटत होतं. त्यांनी स्वतःचं नुकसान करून घेऊन समर्थकांचा अपमान आपला मानला. शिवाय त्यांच्या पहिल्या हंगामात संघ अंतिम सामन्यापर्यंत गेला होता. आपण कसे खेळतो हे सांगता यावं असं काहीतरी लोकांच्या हाती लागलं होतं. अशा माणसाच्या खात्यावर विश्वास जमा असतो आणि पुढच्या पराभवांत समर्थक त्यातून खर्च करत राहतात. स्टाहरे यांच्या खात्यावर जमाच काही नव्हती.

इंग्लंडमध्ये लीड्स युनायटेडचं मार्सेलो बिएल्सा यांच्यावरचं प्रेम याच जातीचं. सोळा वर्षांनी त्यांनी क्लबला प्रीमियर लीगमध्ये नेलं. नंतर २०२२ च्या फेब्रुवारीत पाच सामन्यांत वीस गोल खाल्ले. शेवटच्या सामन्यात घरच्या मैदानावर टॉटेनहॅमकडून ०-४ मार खात असताना लोक बिएल्सांचं नाव गात होते. दुसऱ्या दिवशी क्लबने त्यांना काढलं.

गोव्यात तर उलट टोकाचा प्रकार घडला. एफसी गोवाला सर्जियो लोबेरा यांनी चेंडू पायात ठेवून, छोट्या पासांनी, गोल करत सुटणारा खेळ दिला. फातोर्ड्याच्या प्रेक्षकाला हवा तसा. ३१ जानेवारी २०२० ला क्लबने त्यांना काढलं तेव्हा संघ तक्त्यात अव्वल होता! क्लिफर्ड मिरांडा यांनी उरलेले सामने सांभाळले आणि साखळीतल्या अव्वल स्थानाची ढाल गोव्याकडेच आली. निकालाच्या भाषेत क्लबचं काहीच बिघडलं नाही. तरी गोव्याच्या समर्थकांना तो घाव लागला. त्याआधी २०१६ मध्ये झिको यांच्या हाताखाली हाच संघ आठांत आठवा आला होता, पण झिको यांच्याविषयी गोव्यात आजही आदराने बोललं जातं. पहिल्या दोन वर्षांत त्यांनी संघाला एकदा उपांत्य आणि एकदा अंतिम सामन्यापर्यंत नेलं होतं. फुटबॉलवेड्या गोव्याला ब्राझीलचा एवढा मोठा माणूस आपल्या बाकावर बसलेला पाहण्याचंही अप्रूप होतं.

मैदानात बसणारे आणि दुरून पाहणारे यांच्यातही फरक पडतो. २०१४ च्या मार्चमध्ये मँचेस्टर युनायटेडचे डेव्हिड मोयेस अडचणीत होते. फर्ग्युसन यांच्या जागी आले होते आणि संघ घसरत चालला होता. काही चिडलेल्या समर्थकांनी वर्गणी काढून विमान भाड्याने घेतलं. अ‍ॅस्टन व्हिलाविरुद्धचा सामना सुरू असताना ते ओल्ड ट्रॅफर्डवरून मोयेस यांना हाकला असा फलक ओढत गेलं. खालच्या प्रेक्षकांनी काय केलं? त्यांनी विमानाची हुर्यो उडवली आणि मोयेस यांच्यासाठी टाळ्या वाजवल्या. त्यातल्या कितीतरी जणांना मोयेस नकोच असतील. पण नव्वद मिनिटं चालू असताना आपल्या माणसाला आकाशातून शिवी द्यायची नाही, हा त्यांचा अलिखित नियम. महिन्याभरात मोयेस यांना काढण्यात आलंच.

तुम्ही कोल्हापूरचे, तुम्हाला हे वेगळं सांगायला नको. मंगळवार पेठेत जन्मलेलं पोर पाटाकडीलचं, शिवाजी पेठेतलं शिवाजी तरुण मंडळाचं. संघ निवडायचा प्रश्नच नसतो. शाहू स्टेडियमवर संघ हरला तर प्रशिक्षकाला शिव्या पडतात, आणि त्या देणारा दुसऱ्या दिवशी त्याच तालमीच्या कट्ट्यावर त्याच्याशेजारी बसलेला असतो. तिथे प्रशिक्षक बहुतेकदा त्याच गल्लीचा जुना खेळाडू. त्याला काढून टाकणं म्हणजे शेजारधर्म मोडणं. अर्थशास्त्रज्ञ अल्बर्ट हिर्शमन यांनी १९७० मध्ये एक पुस्तक लिहिलं, त्यात हा मुद्दा फार नेमकेपणाने येतो. एखादी संस्था घसरू लागली की माणसापुढे दोन वाटा असतात : सोडून जाणं किंवा आत राहून आवाज उठवणं. निष्ठा जितकी घट्ट तितकं सोडून जाणं लांबणीवर पडतं आणि आवाजाला वेळ मिळतो. पेठेतला समर्थक सोडून जाऊ शकत नाही, म्हणून तो इतक्या मोठ्याने बोलतो.

तुमच्या मुलाला मात्र पेठ नाही. त्याचं ओल्ड ट्रॅफर्ड हजारो किलोमीटरवर आहे. तिकीट न घेऊन तो निषेध करू शकत नाही, कारण तिकीट त्याने कधी घेतलेलंच नाही. त्याची शिट्टी कुणाला ऐकू जात नाही. त्याच्याजवळ एकच चलन आहे, आणि ते म्हणजे टिकून राहणं. आठवड्याच्या मधल्या रात्रीच्या सामन्याला हिवाळ्यात आपल्याकडे दीड वाजतो. नोएडाच्या जानेवारीत, बाहेर धुकं दाटलेलं असताना, आवाज बंद करून, घरच्यांना जाग येऊ न देता पोरं सामना पाहतात आणि सकाळी शाळेच्या बसमध्ये पेंगतात. एलियट अ‍ॅरनसन आणि जडसन मिल्स यांनी १९५९ मध्ये एका प्रयोगातून दाखवलं की एखाद्या गटात शिरण्यासाठी जितका त्रास सोसावा लागतो तितका तो गट माणसाला अधिक मोलाचा वाटतो. पराभवाच्या रात्री जागून काढलेला समर्थक दुसऱ्या दिवशी मॅनेजरची बाजू घेतो, त्यात आपलं जागरण वाया गेलं नाही हे सांगण्याची धडपड असते.

दुसराही एक जुना अभ्यास आठवतो. रॉबर्ट चिआल्डिनी यांनी १९७६ मध्ये अमेरिकेतल्या विद्यापीठांत पाहिलं की शनिवारी संघ जिंकला की सोमवारी विद्यार्थी विद्यापीठाचं नाव असलेले कपडे जास्त घालून येतात. जिंकल्यावर ‘आपण जिंकलो’ आणि हरल्यावर ‘ते हरले’ असं बोलतात. हा माणसाचा सर्वसाधारण स्वभाव. आता तुमच्या सोसायटीत ग्रिम्सबीकडून झालेल्या पराभवानंतर संध्याकाळी खाली कोण कुठला शर्ट घालून उतरलं होतं ते आठवून पाहा. लाल शर्ट घालून उतरलेला मुलगा काहीतरी सिद्ध करत असतो : मी जिंकण्यापुरता नाही. दिल्ली परिसरात कुठल्याही युरोपीय क्लबच्या समर्थकाला हा टोमणा ऐकावाच लागतो की तुमचा त्या शहराशी संबंध काय? हरणाऱ्या काळात टिकून राहणं हे त्याचं एकमेव ओळखपत्र आहे.

दिल्ली परिसराला स्वतःचा संघही होता, आणि त्याची आठवण इथे काढायलाच हवी. दिल्ली डायनामोज, २०१४ पासून. घरचं मैदान जवाहरलाल नेहरू स्टेडियम. रॉबर्टो कार्लोस, मग झांब्रोता असे जगज्जेते प्रशिक्षक या संघाने पाहिले, दोनदा उपांत्य फेरीही पाहिली. २०१८-१९ मध्ये स्पेनचे जोसेप गोंबाऊ आले. खालून पास देत खेळ उभारायचा, लालियानझुआला छांगटेसारख्या तरुण भारतीय मुलांना खेळवायचं, अशी त्यांची पद्धत. संघ चांगला खेळायचा आणि जिंकायचा नाही. पहिला विजय मिळायला डिसेंबर उजाडला. दहा संघांत आठवा क्रमांक, अठरा गुण. त्या साठ हजारांच्या स्टेडियममध्ये विखुरलेले जे थोडे लोक यायचे, त्यांनी गोंबाऊंना वेळ दिला. क्लबनेही दिला. आणि मग ऑगस्ट २०१९ च्या शेवटी मालकांनी अख्खा क्लबच भुवनेश्वरला नेला. नाव बदललं, रंग बदलले. गोंबाऊ तिकडे गेले, आणि ज्या संघाला दिल्लीने सोसलं तो पुढच्या हंगामात ओडिशा एफसी म्हणून सहावा आला. नोएडातून मेट्रो बदलत नेहरू स्टेडियमला जाणाऱ्या त्या समर्थकाचं काय चुकलं होतं? प्रशिक्षक सोडून गेला नाही, समर्थक सोडून गेला नाही. मालक गेले. समर्थक मॅनेजरला इतकं का धरून राहतो, याचं याहून स्पष्ट उत्तर मला सापडत नाही. क्लब त्याचा नाही, हे त्याला आतून माहीत असतं. निदान बाकावरचा माणूस तरी आपला असावा, एवढीच त्याची मागणी आहे.

या निष्ठेला मर्यादा आहे आणि ती असावी. मँचेस्टरचा प्रत्येक समर्थक फर्ग्युसन यांचा दाखला देतो. ते १९८६ मध्ये आले, १९८९ च्या अखेरीस ओल्ड ट्रॅफर्डवर त्यांच्याविरुद्ध फलक झळकला, १९९० मध्ये पहिला करंडक आला, १९९३ मध्ये लीग, आणि मग वीस वर्षांचं राज्य. गोष्ट खरी आहे. पण धीर धरूनही काहीच न मिळालेल्या मॅनेजरांची नावं कुणी जपून ठेवत नाही, म्हणून हा दाखला आहे त्यापेक्षा मोठा वाटतो. सुधारणेची चिन्हं मैदानावर दिसली पाहिजेत. मागच्या वर्षी ज्या चुकीने गोल खाल्ले त्याच चुकीने यंदाही खात असू, तरुण खेळाडू वर्षभरात मागे गेले असतील, मॅनेजर पराभवाचं खापर रोज दुसऱ्यावर फोडत असेल, तर त्याला धरून राहणं संघाशी दगाबाजी आहे. अमोरिम यांच्या हट्टाबद्दल तुमच्या मुलाशी मी वाद घातला असता. पंधरावा क्रमांक फक्त मालकांमुळे आला नव्हता.

आत्ताही असाच एक कसोटीचा काळ चालू आहे, तो आपल्या घरातच. खालिद जमील ऑगस्ट २०२५ मध्ये भारताचे प्रशिक्षक झाले. गोव्याच्या साव्हियो मेदेरा यांच्यानंतर बऱ्याच वर्षांनी एक भारतीय माणूस त्या जागी बसला. पहिल्याच स्पर्धेत त्यांनी ताजिकिस्तानला हरवलं, ओमानला पेनल्टींवर नमवून तिसरं स्थान मिळवलं. नंतर १४ ऑक्टोबरला फातोर्ड्यात सिंगापूरकडून १-२ हरलो आणि २०२७ च्या आशियाई चषकाचं दार बंद झालं. नोव्हेंबरात ढाक्यात बांगलादेशकडूनही हरलो. तरी लोकांच्या रागाचा मोठा रोख राहिला तो महासंघाकडे, कारण त्याच काळात देशातली मुख्य लीग सुरू होणार की नाही याचाच पत्ता नव्हता आणि खेळाडूंना नीट सामनेच मिळत नव्हते. कूपरेजच्या त्या सात वर्षांची ज्यांना माहिती आहे ते जमील यांना आणखी वेळ देतील. मीही देईन.

शेवटी तुम्हाला एक विनंती. मुलाला समजावू नका, त्याला सामना पाहायला घेऊन जा. २०२५ मध्ये हैदराबाद एफसीचं बिऱ्हाड राजधानीत आलं आणि स्पोर्टिंग क्लब दिल्ली नावाने पुन्हा एक संघ उभा राहिला आहे. त्याहून जवळून पाहायचं असेल तर दिल्लीच्या स्थानिक लीगचे सामने आंबेडकर स्टेडियमवर होतात. सेक्टर ७६ वरून अ‍ॅक्वा लाईनने सेक्टर ५१, तिथून चालत सेक्टर ५२, ब्लू लाईनने मंडी हाऊस, मग व्हायोलेट लाईनने दोन स्टेशनं, दिल्ली गेट. तिथे कठड्याजवळची जागा धरा आणि तासभर चेंडूऐवजी बाकावरच्या प्रशिक्षकाकडे पाहायला मुलाला सांगा. टीव्हीवर ते कधीच दिसत नाही.